महासाथ, धोक्याची जाणीव आणि आपले वागणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महासाथीच्या काळात लोक जसे वागतात तसे का वागतात, हा प्रश्न आशा कार्यकर्त्या, शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि घरातल्या आजारी माणसाची काळजी घेणारे कुटुंबीय या सगळ्यांनाच पडतो. पुढील उत्तरे त्यांच्यासाठी आहेत. उदाहरणे बहुतेक महाराष्ट्रातील दोन साथींची आहेत : १८९६-९७चा प्लेग आणि २०२०-२१चा कोविड.

तज्ज्ञ सांगतात तो धोका आणि आपल्याला वाटतो तो धोका यांत एवढा फरक का पडतो?

साथरोगतज्ज्ञ दोन गोष्टी पाहतात : एखादी घटना घडण्याची शक्यता किती, आणि ती घडलीच तर नुकसान किती. सर्वसामान्य माणूस असे गणित मांडत बसत नाही आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवणेही रास्त नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की लोकांच्या मनातला धोका मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे तो किती भयंकर आणि आपल्या हाताबाहेरचा वाटतो, आणि दुसरी म्हणजे तो किती अनोळखी आहे. रोज हेल्मेटशिवाय दुचाकी चालवणाऱ्याला अपघाताची धास्ती वाटत नाही, कारण रस्ता ओळखीचा असतो आणि हँडल आपल्या हातात असते. कोविड या दोन्ही बाबतींत टोकाला होता. विषाणू नवा होता, दिसत नव्हता, आणि त्याने येणारा मृत्यू अतिदक्षता विभागात, एकट्याने, कित्येकदा अंत्यदर्शनही होऊ न देता येत होता.

त्यात अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काह्नेमान यांनी वर्णन केलेली सवय मिसळते : जे चटकन आठवते ते वारंवार घडते असे आपण धरून चालतो. त्यामुळे समोरच्या इमारतीतून एक रुग्णवाहिका गेली की सगळी गल्ली आठवडाभर दारे बंद करून बसते, आणि तीच रुग्णवाहिका चार गल्ल्या पलीकडे गेली तर कोणाला पत्ताही लागत नाही.

पुरेशी माहिती दिली, तर लोक आपोआप योग्य वागणार नाहीत का?

माहिती लागतेच, पण तिने काम भागत नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याला एक कोडे पडले होते. क्षयरोगासाठी क्ष-किरण तपासणीच्या गाड्या वस्त्यांच्या दारात जात होत्या, तपासणी फुकट होती, तरी लोक येत नव्हते. त्या खात्यातील मानसशास्त्रज्ञांनी यावर जो विचार केला, त्यातून आरोग्यविषयक श्रद्धांचे एक प्रतिमान पुढे आले आणि ते आजही वापरले जाते. त्यानुसार माणूस मनातल्या मनात काही प्रश्न विचारत असतो. हा आजार मला होईल का? झाला तर कितपत गंभीर असेल? सांगितलेला उपाय खरेच कामाचा आहे का? तो करायला मला काय किंमत मोजावी लागेल? आणि तो मला जमेल का?

आरोग्यशिक्षणाचा बहुतेक जोर पहिल्या दोन प्रश्नांवर असतो. माझ्या मते खरी गोष्ट अडते ती शेवटच्या दोन प्रश्नांवर. १४ एप्रिल २०२० रोजी वांद्रे स्थानकाबाहेर हजारो परप्रांतीय मजूर गोळा झाले. त्यांना कोविड माहीत नव्हता असे म्हणता येणार नाही; तीन आठवडे त्याखेरीज दुसरे काही कानावर पडतच नव्हते. पण हातातले काम गेले होते, खोलीभाडे चढत होते, आणि टाळेबंदी वाढल्याची घोषणा त्याच दिवशी झाली होती. पुढे ८ मे रोजी जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपी गेले आणि मालगाडीखाली सापडून मरण पावले. उपासमारीचा धोका आणि विषाणूचा धोका यांची तुलना करून त्या माणसांनी निर्णय घेतला होता. त्याला अज्ञान म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तसे म्हटल्याने उपायही चुकीचे सुचतात.

भीती दाखवली की लोक काळजी घेतात, हे खरे आहे का?

अर्धवट खरे आहे. किम विट यांनी १९९२ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार भीतीचे दोन परिणाम होऊ शकतात. भीतीबरोबरच करता येण्याजोगा, परवडणारा आणि परिणामकारक उपाय हातात असेल, तर माणूस धोक्याचा बंदोबस्त करतो. तसा उपाय दिसत नसेल तर तो धोक्याचा नव्हे, आपल्या भीतीचाच बंदोबस्त करू लागतो. म्हणजे तो नाकारतो, विषय टाळतो, दुसऱ्याकडे बोट दाखवतो किंवा लपवतो.

मार्च २०२०मध्ये राज्यात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर गृहविलगीकरणाचा शिक्का मारायला सुरुवात झाली. हेतू समजण्यासारखा होता. पण काही दिवसांतच तसा शिक्का असलेल्या प्रवाशांना इतरांनी तक्रार केल्यावर पालघर स्थानकावर गाडीतून उतरवण्यात आले, आणि ती बातमी घरोघरी पोहोचली. त्या प्रवाशांनी घरीच थांबायला हवे होते यात शंका नाही. परंतु वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनावर त्यातून एक गोष्ट ठसली, की आजार उघड झाला तर आपण गर्दीसमोर उभे केले जाऊ. त्यानंतर ताप आला तरी “साधी सर्दी आहे” म्हणणारे, चाचणी चुकवून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणारे, इमारतीच्या दारावर पालिकेचा फलक लागू नये म्हणून ओळखीच्या डॉक्टरांना गळ घालणारे अनेक जण आपण सगळ्यांनीच पाहिले. रुग्ण उशिरा रुग्णालयात पोहोचण्याचे हे एक मोठे कारण होते.

प्लेगच्या साथीत पुण्यातले लोक रुग्ण का लपवत होते?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण आजाराइतकीच आजारावरच्या उपायाचीही भीती वाटू शकते, हे या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरातच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत पसरली होती. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा झाला. १३ मार्च २०२०पासून महाराष्ट्राने कोविडसाठी लागू केला तो हाच कायदा. त्याच्या आधारे पुण्यात ब्रिटिश सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती काम करू लागली आणि मार्च ते मे १८९७ या काळात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या.

झडतीचा अनुभव कसा होता, हे डोळ्यांसमोर आणून पाहावे. सैनिक बुटांसह स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. बायका-पुरुषांना बाहेर उभे करून काखेत आणि जांघेत गाठ आहे का, हे तपासले जाई. रुग्ण रुग्णालयात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत, आणि अंथरूण-पांघरूण आगीत. अशा वेळी आईच्या अंगात ताप दिसला तर मुलगा काय करेल? लोक रुग्णांना माळ्यावर, कपाटात, बागेत लपवत होते, आणि त्यामुळे ज्यांना लवकर वेगळे ठेवायला हवे होते तेच रुग्ण घरात, इतरांच्या सहवासात राहत होते. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्याच साथीत पुण्यालगत, सासाणे मळ्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथे आणले. त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच होता, रुग्णाला घरापासून वेगळे ठेवणेही दोन्हीकडे होतेच. बदलत होते ते एवढेच, की न्यायला कोण आले आहे आणि ते कसे नेतात. पुढील काळात सरकारनेही सक्तीचा जोर कमी केला, निरनिराळ्या समाजांना आपापली रुग्णालये चालवू दिली आणि टोचणी ऐच्छिक ठेवली.

दुधाच्या पिशव्या आणि भाज्या धुणारे लोक लग्नाच्या हॉलमध्ये मात्र बिनमास्क का बसत होते?

पिशवी हातात येते, हवा हातात येत नाही. दृश्य आणि हाताळता येणाऱ्या गोष्टीवर उपाय केला, की काहीतरी केल्याचे समाधान मिळते. सुरुवातीला पृष्ठभागांवरून होणाऱ्या संसर्गावर सरकारी सूचनांचाही भर होता. सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी होत होती, आणि एप्रिल २०२०मध्ये महाराष्ट्रात काही काळ वर्तमानपत्रे घरपोच टाकण्यासही मनाई होती. नंतर पुरावा असा जमत गेला, की कोविड मुख्यतः श्वासावाटे, बंदिस्त आणि गर्दीच्या जागी पसरतो. वस्तूंवरून होणारा प्रसार तुलनेने फार कमी आहे.

मात्र पहिल्या महिन्यात पडलेली सवय नव्या माहितीने सहज सुटत नाही. दारात सॅनिटायझरची बाटली आणि आत एसी लावून खिडक्या बंद केलेली खोली, हे चित्र २०२२पर्यंत कार्यालयांतून दिसत होते. त्या खिडक्या उघडायला एक रुपयाही खर्च आला नसता. हात धुणे अर्थातच चांगले आहे, आणि अतिसारासारख्या आजारांत ते फार मोलाचे आहे. प्रश्न आहे तो आपले मर्यादित लक्ष कुठे खर्च करायचे याचा.

पहिली लाट ओसरल्यावर लोक एवढे निर्धास्त का झाले?

जानेवारी २०२१ आठवून पाहावा. १५ जानेवारीला हजारो ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, १६ जानेवारीला लसीकरण सुरू झाले, १ फेब्रुवारीपासून ठरावीक वेळांत मुंबईची लोकल सर्वांसाठी खुली झाली. रोजची रुग्णसंख्या सप्टेंबरच्या मानाने फारच खाली आली होती. अशा वेळी ‘संपली एकदाची’ असे वाटणे स्वाभाविक होते, आणि वरून मिळणारे संकेतही त्याला दुजोरा देत होते. मार्च २०२१च्या सुरुवातीस तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी महासाथ अखेरच्या टप्प्यात असल्याचे विधान जाहीरपणे केले होते. फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळ येथे रुग्ण वाढू लागले, अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तरी मुंबई-पुण्याला ती विदर्भाची बातमी वाटली. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक नव्या रुग्णांची नोंद झाली.

यात तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली : ज्याला आजार झाला नाही किंवा सौम्य झाला, तो “मी वाचलो” याचा अर्थ “मला धोका नव्हता” असा लावतो. दुसरी : दुपटीने वाढणारी संख्या आपल्या मनाला पेलत नाही. दर आठवड्याला दुप्पट होणारे १०० रुग्ण दहा आठवड्यांत एक लाखापलीकडे जातात, पण पहिल्या चार आठवड्यांत ते कसेबसे १,६०० असतात आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण इतरांकडे पाहून वागतो. पुढाऱ्यांच्या सभा भरत असताना, शेजारच्या घरी बारसे धूमधडाक्यात होत असताना मास्क लावून कोपऱ्यात बसणाऱ्यालाच विचित्र वाटू लागते.

याला निव्वळ ‘कंटाळा’ म्हणणे सोपे आहे. वर्षभर कंटाळूनही लाखो घरांनी नियम पाळलेच होते.

मास्क किंवा लस मिळाल्यावर लोक अधिक बेफिकीर होतात का?

सुरक्षिततेचे साधन मिळाले की माणूस जास्त धोका पत्करतो, हा विचार १९७५ साली अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी मोटारींच्या सुरक्षा नियमांसंदर्भात मांडला होता. मास्कच्या बाबतीत हा परिणाम साधनाचा फायदा पुसून टाकण्याएवढा मोठा असल्याचा ठोस पुरावा नाही. या शंकेपायी संरक्षक साधन सुचवायला उशीर करणे योग्य नव्हे.

झोपडपट्टीत लोक नियम पाळत नाहीत, म्हणून तिथे साथ पसरते, हे बरोबर आहे का?

नाही. जुलै २०२०मध्ये मुंबईतील तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांमध्ये संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. एवढा मोठा फरक स्वभावाने पडत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे राहत असतील, नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल, आणि शौचालय शंभर-दीडशे माणसांत एक असेल, तर ‘सहा फुटांचे अंतर राखा’ ही सूचना तिथे पाळता येण्याजोगीच नसते. घरात सुरक्षित राहणे हे घराच्या आकारावर अवलंबून होते.

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी आढळला. जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो लोक राहतात आणि त्यांतील बहुसंख्य सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून आहेत. महापालिकेच्या जी उत्तर विभागाने तेथे पाळता येण्याजोग्या गोष्टींवर भर दिला. शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली गेली. वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना संरक्षक पोशाख देऊन तपासणीसाठी सोबत घेतले. शाळा आणि क्रीडासंकुलात विलगीकरणाची सोय केली आणि तिथे जेवण मोफत ठेवले. नेहमीचा डॉक्टर दारात आला की लोक ताप असल्याचे सांगतात. पोटाची सोय आहे हे कळले की चौदा दिवस वेगळे राहायला तयार होतात. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी धारावीचा उल्लेख केला, तो या कामामुळे. साथ ओसरण्यात तिथे आधीच मोठ्या प्रमाणावर झालेल्या संसर्गाचाही वाटा असणार; त्याने या कामाचे मोल कमी होत नाही.

लस घ्यायला लोक का कचरत होते?

‘लसविरोधी’ असा एकच शिक्का मारला, की पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने तीन कारणे वेगळी केली आहेत : आजाराची फिकीर न वाटणे, लशीवर किंवा ती देणाऱ्यांवर विश्वास नसणे, आणि लस घेणे गैरसोयीचे असणे. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

तिसऱ्या कारणाकडे आपण पुरेसे पाहिले नाही, असे मला प्रकर्षाने वाटते. १ मे २०२१पासून १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, पण १८ ते ४४ या वयोगटासाठी कोविन संकेतस्थळावर आधी वेळ आरक्षित करणे बंधनकारक होते. शहरातले तरुण पहाटे संगणकासमोर बसून शेजारच्या तालुक्यातील केंद्रे पटकावत होते आणि त्या तालुक्यातले लोक केंद्रावरून परत जात होते. शेतमजूर बाईचे गणित याहून साधे आहे. लस घ्यायला गेले तर आजची मजुरी बुडते, रात्री ताप आला तर उद्याचीही बुडते, आणि ताप येईल हे तर सगळेच सांगत आहेत. तिच्याशी बोलताना लशीचे शास्त्र समजावण्याआधी लसीकरणाची वेळ संध्याकाळची ठेवता येईल का, हे पाहायला हवे. ऑक्टोबर २०२१मधील ‘मिशन कवच कुंडल’ आणि नोव्हेंबरमधील ‘हर घर दस्तक’ या मोहिमांत लस वस्तीवर आणि दारापर्यंत गेली, तेव्हा ‘नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण नुसत्या अंतराची आणि वेळेची होती, हे दिसून आले.

विश्वासाचा प्रश्न जुना आहे. प्लेगची लस तयार करणारे शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत ती स्वतःला टोचून घेतली. तरीही टोचल्याबरोबर मृत्यू येतो, पुरुषत्व जाते, बाईला मूल होत नाही, अशा वावड्या उठल्याच. २०२१मध्ये नपुंसकत्वाची तीच अफवा मोबाइलवरून फिरली. शरीरात काहीतरी टोचण्याचा अधिकार ज्याला दिला, त्याच्यावर विश्वास नसेल तर भीती अशाच नाजूक जागी जाऊन बसते.

शिवाय, काही करून झालेले नुकसान आपल्याला काही न करून झालेल्या नुकसानापेक्षा अधिक बोचते. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीमुळे, म्हणजे आपल्याकडच्या कोविशिल्डच्या सूत्रामुळे, अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१मध्येच मान्य केले होते. आपल्याकडे अनेकांना ते २०२४च्या बातम्यांतून कळले आणि फसवणूक झाल्याची भावना झाली. हा दुर्मिळ धोका आणि कोविडने होणाऱ्या गुठळ्यांचा त्याहून कितीतरी मोठा धोका, हे दोन्ही सुरुवातीलाच शेजारी ठेवून सांगितले असते, तर ही वेळ आली नसती.

शिकलेली माणसेही अफवांना का बळी पडली?

अफवा मोकळ्या जागेत वाढते. अधिकृत उत्तर मिळायला वेळ लागतो, भीती तर आत्ताच असते, आणि नात्यातल्या माणसाने पाठवलेला संदेश प्रेमाने पाठवलेला असतो. फेब्रुवारी-मार्च २०२०मध्ये कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो अशी अफवा पसरली, दर कोसळले, आणि काही पोल्ट्रीचालकांवर पिल्ले व अंडी नष्ट करण्याची वेळ आली. चीनच्या बाजारातली चित्रे डोळ्यांसमोर असताना ‘मांस’ आणि ‘विषाणू’ ही जोडी मनात सहज जुळली.

रेमडेसिविरची गोष्ट अधिक वेदनादायक आहे. या औषधाने मृत्यू टळतात असा पुरावा मिळत नसल्याने रुग्णालयातील रुग्णांत ते वापरू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्ये केली होती. तरी एप्रिल २०२१मध्ये नातेवाईक चिठ्ठी घेऊन रात्र रात्र रांगेत उभे होते, दागिने मोडून काळ्या बाजारात कुपी विकत घेत होते. तिथे अज्ञान होते ते नातेवाइकांचे नव्हे. चिठ्ठी डॉक्टर लिहून देत होते. बाहेर उभ्या माणसाला आत काहीच करता येत नसते, आणि इंजेक्शन आणणे ही एकच गोष्ट त्याच्या हातात दिलेली असते. त्याने ती जीव तोडून केली.

रुग्णालयात लस घेतलेलेच जास्त आहेत, मग लशीचा उपयोग काय?

गावात १,००० माणसे आहेत, ९०० जणांनी लस घेतली आणि १०० जणांनी घेतली नाही, असे समजा. लस घेतलेल्यांपैकी शंभरात एकाला दाखल व्हावे लागले, तर ९ रुग्ण झाले. न घेतलेल्यांपैकी शंभरात पाच जणांना दाखल व्हावे लागले, तर ५ रुग्ण झाले. वॉर्डात पाहणाऱ्याला लस घेतलेले ९ आणि न घेतलेले ५ दिसतील, आणि तरीही लस न घेतलेल्याचा धोका पाचपट आहे. कोणताही आकडा ऐकला की ‘किती जणांपैकी?’ हे विचारावे. बातमीत ते दिलेले नसेल, तर त्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

दंड आणि पोलिसी कारवाईने लोक सुधारतात का?

दंडाने रस्त्यावरचा मास्क नाकावर येतो. घरातल्या समारंभात तो पोहोचत नाही. नियम सर्वांना सारखा लागू होत असल्याचे दिसले, तर दंडाचा थोडा उपयोग होतो. भाजीवालीला दंड आणि मिरवणुकीला मुभा, असे झाले की नियमाचीच पत जाते.

“अजून नक्की सांगता येत नाही” असे म्हटल्याने लोकांचा विश्वास उडतो का?

विश्वास उडतो तो ठामपणे सांगून नंतर ते मुकाट्याने बदलल्याने. निरोगी माणसांना मास्कची गरज नाही, असे सुरुवातीला सांगितले गेले. एप्रिल २०२०च्या सुरुवातीस भारत सरकारने घरी शिवलेला मास्क वापरा असे सुचवले, ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी तो सक्तीचा केला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ५ जूनला आपली भूमिका बदलली. नवीन पुराव्यामुळे सल्ला बदलणे उचितच होते. परंतु “साठा कमी आहे, तो आधी आरोग्य कर्मचाऱ्यांना लागेल, आणि इतरांना किती फायदा होतो हे तपासत आहोत” असे पहिल्या दिवशीच सांगता आले असते, आणि लोकांनी ते समजून घेतले असते. आज काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, तोवर काय करावे, आणि पुढची माहिती कधी मिळेल, या चार गोष्टी सांगणाऱ्या अधिकाऱ्याचे लोक ऐकतात.

घरातले ज्येष्ठ लस घ्यायला किंवा मास्क लावायला तयार नसतील, तर त्यांच्याशी कसे बोलावे?

आधी विचारावे, मग सांगावे. “आजोबा, तुम्हाला नेमके कशाचे वाटते?” या प्रश्नाचे उत्तर बहुधा अपेक्षेपेक्षा वेगळे असते. कोणाला जुन्या औषधांबरोबर लस चालेल का ही शंका असते, कोणाला केंद्राचा जिना चढवत नाही, कोणी ओळखीचा माणूस लस घेतल्यानंतर गेला हे मनात धरून बसलेले असते. त्या माणसाच्या मृत्यूचे कारण वेगळे होते, हे पटकन पटवून देण्याची घाई करू नये. आधी ते दुःख ऐकून घ्यावे. अफवा फेटाळताना ती पुन्हा पुन्हा उच्चारू नये, खरी गोष्ट आधी आणि शेवटीही सांगावी. “तुम्ही ऐकतच नाही” म्हणण्याऐवजी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोन जोडून द्यावा. आणि “बघू” असे उत्तर आले, तर ते होकार मानून दिवस, वेळ आणि सोबत कोण येणार हे लगेच ठरवावे. मनात असूनही राहून जाणारी कामे अशा नेमक्या ठरवण्याने पार पडतात, हे वर्तनशास्त्रातील अनेक प्रयोगांत आढळले आहे.

हे सगळे इतर साथींनाही लागू होते का?

होते, आणि दोन अलीकडची उदाहरणे परस्परविरुद्ध टोकांची आहेत. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात, तसेच मालेगाव आणि भिवंडीत गोवराचा उद्रेक झाला. गोवर हा माणसाला होणाऱ्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. कोविडच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते आणि अनेक बालकांचे डोस राहून गेले होते. पण गोवर ओळखीचा आहे, ‘अंगावर येऊन जातो’ अशी त्याच्याबद्दलची समजूत आहे, म्हणून मुलाच्या अंगावर पुरळ उठूनही काही घरांत कडुलिंबाचा पाला बांधून वाट पाहिली जाते आणि न्यूमोनिया झाल्यावर धावपळ सुरू होते.

याउलट जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले. नाव अनोळखी होते, हातापायांतली शक्ती जाणे भयंकर होते, आणि शहरभर घबराट पसरली. पुन्हा एकदा कोंबडी खाण्याचीच धास्ती घेतली गेली. जीबीएस एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. दूषित पाण्या-अन्नातून होणाऱ्या जंतुसंसर्गानंतर क्वचित काहींना तो होतो, आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला होता. अशा वेळी पाणी उकळून पिणे, मांस पूर्ण शिजवणे, आणि जुलाबानंतर पायांत अशक्तपणा किंवा मुंग्या जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठणे, एवढे पुरते. गोवरासाठी बाळाचे लसीकरण कार्ड काढून पाहावे : नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यानचा, असे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस नोंदलेले असायला हवेत. राहिला असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात उशिरानेही तो मोफत मिळतो.